परिचारिकेची शरीरपरीक्षा आणि रुग्णाची भाषा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रुग्णपरीक्षेची त्रयी वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सांगितली आहे. आधुनिक परिचर्याशास्त्रात शरीरपरीक्षेच्या पद्धती चार मानतात : निरीक्षण, स्पर्शन, ताडन व श्रवण. वाग्भटाचा ‘प्रश्न’ या चारांत नाही. रुग्णाचे इतिवृत्त म्हणून तो वेगळा काढला जातो. ही फारकत अध्यापनाच्या सोयीची खरी. परंतु रुग्णशय्येपाशी ती टिकत नाही.

वैद्य तपासतो तो मुख्यतः रोगाचे निदान करण्यासाठी. परिचारिकेच्या परीक्षेचा हेतू निराळा असतो. रुग्ण दाखल होताना त्याची स्थिती कशी होती याची नोंद नसेल, तर रात्रपाळीत झालेला पालट कशाशी ताडून पाहावयाचा? रुग्णाला स्वतः कूस बदलता येते काय, माकडहाडावरील त्वचा लालसर झाली आहे काय, हे तिने पाहावयाचे असते.

या पद्धतींमागील कारणे मनोरंजक आहेत. ताप अजमावण्यासाठी हाताची मागची बाजू लावतात, कारण तेथील त्वचा पातळ असते; नाडीसाठी मात्र बोटांची अग्रेच हवीत. नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावरच ठेवून श्वास मोजावेत. मोजणी चालू आहे हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. पोटाच्या परीक्षेत श्रवण आधी व ताडन-स्पर्शन नंतर, कारण दाबल्याने आतड्यांच्या हालचालींचे आवाज बदलू शकतात. दुखरी जागा शेवटी चाचपावी, आणि त्या वेळी दृष्टी रुग्णाच्या मुद्रेवर असावी. ताडनाची पद्धत आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली, तर लाएनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथोस्कोपाचा पाया घातला. मडके वाजवून घेणाऱ्या मराठी गृहिणीस ताडनाचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही : पोकळ जागा घुमते, भरलेली बद्द वाजते.

खरी अडचण शब्दांची आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडीचे उदाहरण घ्यावे. माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे तेथे नाना प्रांतांचे लोक आले. मूळचे ग्रामस्थही आहेतच. अशा ठिकाणी गावातील वृद्धा आणि तिला तपासणारी परिचारिका यांची मातृभाषा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. वृद्धा म्हणते, “सिस्टर, पाठीत उसण भरलीय.” नोंदीत उतरते ते केवळ ‘पाठदुखी’. वास्तविक उसण अवचित भरते आणि हालचाल अडवते. कळ येते, ओसरते आणि पुन्हा येते, गळू ठसठसते, चमक क्षणात निघते, पोटरीत गोळा येतो. वेदनेचा काळ, गती व स्वरूप या शब्दांत आधीच वर्गीकृत झालेले असते. मेल्झॅकने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅकगिल वेदना-प्रश्नावली अशाच वर्णनशब्दांच्या वर्गीकरणावर उभारलेली आहे. ‘दुखणे’ या एका क्रियापदात हे सारे बुडवणे म्हणजे हाती आलेला पुरावा टाकून देणे होय.

‘जीव घाबरा होतो’ हा वाक्प्रयोग तर विशेष जपून घ्यावयास हवा. ‘घाबरणे’ या क्रियापदावरून परिचारिकेने ‘भीती वाटते’ अशी नोंद केली, तर धीराचे चार शब्द बोलून ती पुढच्या खाटेकडे वळण्याचा संभव आहे. वस्तुतः मराठी रुग्ण हाच प्रयोग श्वास पुरत नसताना आणि छातीत धडधडत असतानाही करतो. तेव्हा ओठ व नखे निळसर झाली आहेत काय ते पाहावे, नाडी पाहावी आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. विश्रांतीत असलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटास साधारणतः १२ ते २० असतात. आकडा याहून बराच वाढलेला आढळल्यास वैद्यास तत्काळ कळवावे, आणि नोंदवहीत त्या आकड्याशेजारी रुग्णाचे शब्द त्याच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहावेत.