कळ न येता येणारा झटका

छातीत कळ, डाव्या हातात वेदना, दरदरून घाम ही हार्ट अटॅकची लक्षणं आता वाड्यावस्त्यांवरही ठाऊक झाली आहेत. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला अटॅक येतो, तेव्हा छातीत काहीच दुखत नाही असंही पुष्कळदा घडतं. आजोबांना नुसता दम लागतो. आजींना उलटी होते, भोवळ येते किंवा त्या अचानक असंबद्ध बोलू लागतात. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. सकाळी बघू म्हणत रात्र काढली जाते आणि त्या रात्रीत हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा मरतो.

अनेक देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदींवर उभ्या राहिलेल्या ‘ग्रेस’ प्रकल्पाने २००४ मध्ये याचा हिशेब मांडला. छातीत न दुखता आलेल्या रुग्णांपैकी १३ टक्के रुग्णालयातच दगावले; छातीत दुखतंय म्हणून आलेल्यांमध्ये हे प्रमाण ४.३ टक्के होतं. न दुखणारा अटॅक सौम्य असतो, हा समज इथेच मोडतो. तो ओळखायला उशीर होतो आणि औषधंही कमी मिळतात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने अनेकांच्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे वेदनेची खबर नीट पोचत नाही. त्यातच थकलेली मूत्रपिंडं आणि ताठरलेल्या रक्तवाहिन्या आलेला धक्का पेलू शकत नाहीत.

सातारा-सांगलीत या दुखण्याला आणखी एक बाजू आहे. पाटण, जावळीची तरुण माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीत राबली. खानापूर, आटपाडीची मुलं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. मागे घरात उरली दोन म्हातारी माणसं. रात्री एकाला दम लागला, तर दुसऱ्याने कोणाला उठवायचं?

वैद्यकीय परंपरेत हा भाग मागे नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभारलं. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. पण जत तालुक्यातल्या उमदीपासून मिरज शंभर किलोमीटरहून दूर आहे. वीस हजारांहून अधिक भारतीय रुग्णांच्या ‘क्रिएट’ अभ्यासात (२००८) लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ होता ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास! रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक गुण देतं. ते औषध फार महागडं असावं लागतं असंही नाही. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजचं असं इंजेक्शन आणि साधी ॲस्पिरिन मिळून हृदयविकाराचे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले होते.

वय वाढलं की या इंजेक्शनमुळे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीतीही वाढते, हे खरं. म्हणून ‘स्ट्रीम’ चाचणीत संशोधकांनी पंच्याहत्तरीपुढच्या रुग्णांसाठी टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा डोस निम्मा केला. अँजिओप्लास्टी हेही सरसकट उत्तर नाही. रक्तवाहिनी पूर्ण बंद न झालेल्या अटॅकच्या रुग्णांमध्ये नॉर्वेतल्या ‘आफ्टर एटी’ चाचणीत ऐंशीपुढच्यांना अँजिओग्राफीच्या मार्गाने फायदा झाला. ब्रिटनमधल्या ‘सीनियर-रिटा’मध्ये (२०२४) पुढचे अटॅक कमी झाले, हृदयविकाराचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. तेव्हा कोणाला स्टेंट घालायचा आणि कोणाला औषधांवर ठेवायचं, हे रुग्णाची ताकद, मूत्रपिंडं आणि त्याची स्वतःची इच्छा पाहून ठरवावं. ‘आता वय झालं, कशाला धावपळ?’ हा निर्णय मात्र ईसीजी काढण्याआधीच घरात घेतला जातो. तो अन्यायाचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. मुंबई-पुण्यात असलेल्या मुलामुलींनो, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईवडिलांचं या योजनेचं कार्ड काढून द्या आणि त्यांचा एक ईसीजी काढून फाईलमध्ये ठेवा. अटॅकच्या वेळी डॉक्टरला तुलनेसाठी तो लागतो. १०८ हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवा: काकांना अचानक दम लागला, तर सकाळची वाट बघू नका.