नाण्याएवढे भोक, बशीएवढे ठिगळ

अंबरनाथ पूर्वेला समुद्र नाही. पण रासायनिक कारखान्यांतील फायबरग्लासच्या टाक्या आणि कोकणातल्या होड्या यांची जात एकच. काचतंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझीन. २००९ साली गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’च्या लाकडी कवचावरही असेच थर होते, तिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

अशा होडीला खडक लागून २० मिलिमीटरचे भोक पडले, तर तेवढेच बूच चिकटवून का भागत नाही? हिशेब करू. कवच ५ मिलिमीटर जाड असेल, तर बूच फक्त कडेला चिकटते. ते क्षेत्र सुमारे ३१४ चौरस मिलिमीटर. कारागीर मात्र भोकाभोवती जाडीच्या बारापट, म्हणजे ६० मिलिमीटर रुंदीचा उतार घासून काढतात. १४० मिलिमीटर व्यासाची बशी तयार होते आणि चिकटण्यास सुमारे १५,००० चौरस मिलिमीटर मिळतात. जवळजवळ ४८ पट! चांगले कवच घासताना नवशिक्याचा जीव वरखाली होतो, हे खरे.

शिवाय जुन्या घट्ट झालेल्या पॉलिएस्टर रेझीनशी नवे रेझीन रासायनिक बंध फारसे जोडत नाही. खरखरीत पृष्ठभागाला धरून राहते. ओल किंवा तेल राहिले, तर ठिगळ सुटते. त्यावर रेझीनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे तुकडे थरावर थर बसवून हवा दाबून काढतात. रेझीन ‘वाळत’ नाही. पेरॉक्साइडमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, उष्णता निघते. कोबाल्टचा प्रवेगक आणि पेरॉक्साइड थेट एकत्र केल्यास भडका उडतो. म्हणून वर्गात रेझीन नको, कंपास आणि पुठ्ठा पुरे.