आशाताईचं शिक्षण आणि मोबदला
बाळंतिणीच्या घरी वजनकाटा नि थर्मामीटर घेऊन येणारी आशाताई सरकारी कर्मचारी नसते, स्वयंसेविका मानली जाते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायचं ठरलं. तिचं प्रशिक्षण टप्प्याटप्प्यानं होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळवता येतं. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी येऊन बाळ तपासते. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. घरच्या घरी नवजात बाळ वाचवण्याची ही पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं सिद्ध केली. जबाबदारी बाराही महिन्यांची, मोबदला मात्र बराचसा कामागणिक. आशाताईंना पुरेसं, नियमित वेतन मिळालंच पाहिजे.