सोळा चिन्हांचा रकाना आणि देवनागरी अंक

चंडीगडच्या सेक्टर ४३ मध्ये जिल्हा न्यायालयाचे संकुल आहे. तेथे एखाद्या मराठी भाषिकाचा दावा चालू असेल आणि त्याचे घर महाराष्ट्रात असेल, तर केवळ पुढील तारीख विचारण्यासाठी त्याला चंडीगड गाठावे लागत नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पामुळे देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची सद्यस्थिती संकेतस्थळावर पाहता येते. त्यासाठी प्रकरणाचा सीएनआर क्रमांक एका रकान्यात भरावा लागतो.

अशा रकान्यामागील संगणकीय आज्ञा जेमतेम दहा-पंधरा ओळींच्या असतात. मात्र त्या काळजीपूर्वक लिहिल्या नाहीत, तर बरोबर क्रमांकही चुकीचा ठरतो. तारीख न कळल्याने वादी गैरहजर राहिला, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो आणि प्रतिवादी गैरहजर राहिला, तर एकतर्फी सुनावणी होऊ शकते. म्हणून हा लहानसा रकाना कसा हाताळावा, हे प्रत्येक वेब डेव्हलपरने समजून घेण्यासारखे आहे.

क्रमांकाची रचना

सीएनआर क्रमांकात १६ चिन्हे असतात. पहिली दोन रोमन अक्षरे राज्याची आणि पुढील दोन जिल्ह्याची असतात. त्यानंतर न्यायालयीन आस्थापनेची दोन चिन्हे, प्रकरणाचा सहा अंकी क्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष येते. महाराष्ट्रासाठी ‘एमएच’ ही अक्षरे आहेत, तर चंडीगडच्या क्रमांकाचा प्रारंभ ‘सीएचसीएच’ असा होतो. वाचण्याच्या सोयीसाठी हा क्रमांक पुष्कळदा दोन संयोगचिन्हे घालून लिहिला जातो. भरताना मात्र ती चिन्हे आणि मोकळी जागा वगळणे अपेक्षित असते.

पहिली अडचण येथेच उद्भवते. रकान्याची कमाल मर्यादा नेमकी १६ ठेवली आणि पक्षकाराने संदेशातील क्रमांक संयोगचिन्हांसह जसाच्या तसा चिकटवला, तर १८ चिन्हांपैकी शेवटची दोन गळून पडतात. ‘२०१५’ या वर्षातील केवळ ‘२०’ उरते. मागाहून संयोगचिन्हे काढली, तरी गेलेले अंक परत येत नाहीत. म्हणून रकाना ऐसपैस ठेवावा आणि लांबीची तपासणी साफसफाईनंतर करावी.

अंकांचे रूपांतर

दुसरी अडचण अंकांची आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरले जाते. महाराष्ट्रात मराठी कागदपत्रांत देवनागरी अंक रूढ आहेत. भ्रमणध्वनीवर मराठी कळफलक चालू असेल, तर वर्ष सहजच देवनागरी अंकांत लिहिले जाते. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे सारखीच, पण संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न चिन्हे आहेत.

युनिकोडमध्ये इंग्रजी शून्य ते नऊ यांचे संकेतांक ४८ ते ५७ आहेत, तर देवनागरी अंकांचे २४०६ ते २४१५. दोन्ही संच सलग असल्याने उपाय अगदी सोपा आहे. चिन्हाचा संकेतांक २४०६ ते २४१५ या दरम्यान असेल, तर त्यातून २३५८ वजा करावेत. इंग्रजी अंक मिळतो. पंजाबीच्या गुरुमुखी अंकांचे संकेतांक २६६२ ते २६७१ आहेत. तेथे २६१४ वजा करावेत. म्हणजे एकच आज्ञावली चंडीगडच्या पंजाबी भाषिकालाही उपयोगी पडते.

या ठिकाणी संगणकीय भाषांमधील फरकही लक्षात घ्यावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘कोणताही अंक’ दर्शविणारी नेहमीची खूण केवळ इंग्रजी अंक ओळखते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर तपासताना तीच खूण देवनागरी अंकही स्वीकारते. परिणामी एकीकडे योग्य क्रमांक नाकारला जातो, तर दुसरीकडे तो स्वीकारला जाऊनही माहितीसंचातील नोंदीशी जुळत नाही आणि ‘प्रकरण सापडले नाही’ असे उत्तर येते. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण आपले प्रकरणच नोंदलेले नाही, असा पक्षकाराचा समज होतो.

म्हणून क्रम असा असावा: मोकळ्या जागा, संयोगचिन्हे व अदृश्य चिन्हे काढणे, अंकांचे रूपांतर करणे, रोमन अक्षरे मोठ्या लिपीत आणणे आणि शेवटी १६ चिन्हे मोजणे. हीच कृती सर्व्हरवरही पुन्हा करावी, कारण ब्राउझरमधील तपासणी टाळता येते. क्रमांक तरीही अपुरा असेल, तर ‘अवैध नोंद’ असे न म्हणता ‘१६ चिन्हे हवीत, आपण १४ भरली आहेत’ असे सांगावे.

नावातील अर्धा ‘र’

क्रमांक हाताशी नसेल, तर पक्षकाराच्या नावावरून शोध घ्यावा लागतो. मराठी नावांत येथे आणखी एक मेख आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील पापणीसारखा अर्धा ‘र’ तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: २३५३ हे स्वतंत्र अक्षर व हलंत चिन्ह, २३५२ हा साधा ‘र’, नुक्ता व हलंत चिन्ह, किंवा साधा ‘र’, हलंत चिन्ह व ८२०५ हे अदृश्य जोडचिन्ह. तिन्ही प्रकार पडद्यावर बहुधा सारखेच दिसतात.

युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा मात्र वेगळाच राहतो. त्यावर उपाय म्हणून अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकली, तर ‘र’चा रफार होऊन नाव बिघडते. म्हणून ‘साधा र, हलंत, जोडचिन्ह’ ही तिहेरी जोडी आधी ‘२३५३ व हलंत’ अशी बदलावी आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. हे रूप केवळ शोधासाठी वेगळे साठवावे. मूळ नोंदीतील नाव जसेच्या तसे राहू द्यावे.

भाषेची नोंद

पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे त्याच्या मूळ आज्ञेत ‘एमआर’ या संकेताने नोंदवणेही आवश्यक आहे. ज्या टंकांत तशी सोय आहे, त्यांत या नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने उमटतात. दृष्टिहीन व्यक्तींसाठी पृष्ठ वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही योग्य उच्चार निवडता येतो.

काम पूर्ण झाल्यावर एक साधी चाचणी पुरेशी आहे. एकच क्रमांक इंग्रजी अंकांत, देवनागरी अंकांत, संयोगचिन्हांसह आणि मध्ये मोकळी जागा सोडून भरून पाहावा. चारही वेळा सेक्टर ४३ मधील त्याच प्रकरणाची तीच तारीख दिसली, तर रकान्याने आपले काम चोख केले, असे म्हणता येईल.