एका बिंदूची जागा

सप्टेंबर २००६. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या मेथडिस्ट रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या सहा बाळांना हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध हजारपट जास्त गेलं. तीन बाळं दगावली. शिरेतली नळी मोकळी राहावी म्हणून दर मिलिलिटरला १० युनिटांचं हेपॅरिन पुरतं; कपाटात १०,००० युनिटांच्या कुप्या येऊन पडल्या होत्या. दोन्हींची लेबलं निळी!

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेड याच्या जुळ्यांबाबत तेच घडलं. ती सुदैवाने वाचली. लेबल तोवर बदललं होतं, पण जुना साठा रुग्णालयात तसाच होता.

चूक फक्त कुपीत नाही, हिशेबातही होते. मुलांचा डोस वजनावर ठरतो. एकाच रुग्णालयात एक किलोचं बाळ असतं आणि पन्नास किलोचा मुलगाही, त्यामुळे प्रत्येक वेळी नवा हिशेब मांडावा लागतो. दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकलं किंवा नजरेतून सुटलं, की डोस दहापट. म्हणूनच ‘.५’ नव्हे, ‘०.५’ लिहायचं; आणि ‘५.०’ नव्हे, नुसतं ‘५’.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या बालरुग्णांच्या अभ्यासात १०,७७८ औषध-आदेश तपासले गेले. ६१६ चुका सापडल्या. प्रमाण प्रौढांइतकंच होतं, पण इजा होऊ शकेल अशा चुका मुलांमध्ये तिप्पट! वॉर्डातच औषधतज्ज्ञ नेमला, तर यातल्या बहुतेक धोकादायक चुका टळू शकतील, असं संशोधकांना आढळलं. आपल्याकडे हे पद चैन समजलं जातं, याचं वाईट वाटतं.

पालकांनीही विचारावं: आज वजन केलं का, किलोत लिहिलं का, आणि औषध किती मिलिलिटर?