पुळणीवरची मोटार

सोलापूरच्या माणसाला वाळवंट म्हटले की पंढरपूरचे चंद्रभागेचे वाळवंट आठवते. समुद्र आमच्यापासून दूर, घाटाखाली. तेव्हा समुद्राच्या पुळणीवर मोटार कशी चालते हा विषय या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, ती मोटार चालविणारा पुष्कळदा आपल्याच गावचा असतो. सुटीत मंडळी भाड्याची गाडी करून गणपतीपुळ्याला किंवा दापोलीकडे मुरूड-कर्द्याला जातात. समोर सपाट वाळू दिसते आणि मागच्या बाकावरून हुकूम सुटतो, "घाल खाली! फोर-व्हील आहे ना?"

असा एक हुकूम आमच्या संघटनेच्या एका सभासदाला फार महाग पडला. पौर्णिमेची संध्याकाळ होती. पाणी दूर गेलेले, ओली वाळू फरशीसारखी टणक. गाडी मजेत खाली गेली. मंडळींनी खाणेपिणे केले, फोटो काढले, तास-दीड तास गेला. निघताना चाके फिरली, गाडी हलेना. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, तशी गाडी पोटावर बसली. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले आणि पाणी दारापर्यंत आले. माणसे सुखरूप राहिली, पण इंजिनात खारे पाणी गेले. दुरुस्तीचा खर्च मालकाने ड्रायव्हरच्या पगारातून कापावयास घेतला. त्या तंट्यात पडल्यावर आम्हांला वाळू शिकावी लागली. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण असेच, गरजेपोटी झालेले आहे.

खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीवर चढून पाहा. पाय टाकला की दाणे बाजूला सरतात आणि पाय आत जातो. कोरड्या वाळूचे तसेच आहे. कण एकमेकांना चिकटलेले नसतात. घर्षणाने काय ते एकमेकांना अडवून धरतात. थोडे पाणी मिळाले की कणांमधला पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना जवळ ओढतो. मुलांचे वाळूचे किल्ले उभे राहतात ते याच बळावर. पण पाणी फार झाले की तेच पाणी कणांना दूर लोटते आणि वाळू रबडीसारखी होते. म्हणजे कोरडी वाळू फसवी, दमट वाळू भरवशाची, आणि पाण्याने तुडुंब भरलेली सर्वांत घातकी. आमच्या सभासदाची गाडी उभी होती ती या तिसऱ्या वाळूवर. चालत्या गाडीला जी वाळू तोलते, तीच उभ्या गाडीखालून हळूहळू सरकते.

आता चाकाचे पाहू. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा ठेवतात. असा ताठ टायर वाळूत सुरीसारखा शिरतो. तीच हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणली की टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, आणि गाडीचे तेवढेच वजन जास्त जागेवर वाटले जाते. उंटाचे पाऊल पसरट असते ते उगाच नव्हे. मात्र कमी हवेवर झटकन वळण घेतले तर टायर रिमवरून निसटतो, आणि रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावीच लागते. म्हणून पंप जवळ नसेल तर हवा सोडूच नये.

मग फोर-व्हीलचा उपयोग काय? साध्या गाडीत ओढणाऱ्या दोन चाकांपैकी जे सैल पडते तेच गरगर फिरते आणि दुसरे स्वस्थ राहते. चारही चाकांना ओढ दिली की काम वाटले जाते, हे खरे. पण वजन काही कमी होत नाही. चाके जागच्या जागी फिरू लागली की दोन खड्ड्यांऐवजी चार पडतात, एवढाच फरक! बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात इजिप्त-लिबियाच्या वाळूत फोर्ड मोटारी घातल्या. त्यांची मागची दोनच चाके ओढत. टायरची हवा उतरवून, रुतलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या सारून त्याने वाळूचे डोंगर ओलांडले, आणि १९४१ साली वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. तो आजही अभ्यासला जातो.

चालविण्याची रीत थोडक्यात सांगता येते. खालचा गिअर, एकसारखा वेग, रुंद वळण. ब्रेक दाबू नये, कारण चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्यावी, तीही उताराकडे तोंड करून. चाक फिरते पण गाडी हलत नाही असे दिसताच पाय काढावा, उतरून चाकांपुढची वाळू उपसावी, हवा आणखी उतरवावी आणि आल्या चाकोरीतूनच मागे यावे. आमच्या सभासदाने नेमके उलटे केले. त्याला शिकविले तरी कोणी होते?

राहिली भरती. ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. कोकणच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपास असते, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खूप दूर जाते; म्हणूनच त्या संध्याकाळी पुळण इतकी रुंद दिसली. पाणी जितके लांब जाते तितकेच वर चढते, हे कोळ्याच्या पोराला ठाऊक असते, आमच्या ड्रायव्हरला नसते.

वेळास, आंजर्ले येथे हिवाळ्यात कासविणी वाळूत अंडी घालतात. चाकोरीत पडलेल्या पिलाला समुद्र गाठता येत नाही. गोव्यात पुळणीवर गाडी घालण्यास मनाईच आहे आणि पोलीस खटलेही भरतात. ते योग्यच, असे आमचे मत आहे.

त्या मालकाशी आम्ही तीनदा बोलणी केली. गाडी खाली नेण्यास ड्रायव्हरने आधी नकार दिला होता, हे प्रवाशांपैकीच एका बाईंनी लिहून दिले. दोन हप्ते कापले गेले होते, ते परत मिळाले नाहीत, तिसरा थांबला. आता त्या मालकाच्या भाड्याच्या पावतीवर, गाडी रस्ता सोडून नेण्याचा निर्णय ड्रायव्हरचा राहील, अशी एक ओळ छापलेली असते. ती ओळ इतर मालकांच्या पावतीवर यावी म्हणून आमची खटपट चालू आहे.