डोळ्याची इजा आणि आपली हयगय

डोळ्याला लागले म्हणजे दृष्टी गेलीच, असे नाही. पुष्कळदा मूळ इजा बरी होण्याजोगी असते. अनर्थ ओढवतो तो विलंबाने व अज्ञानाने. अंधांना लिपी देणारे लुई ब्रेल यांना १८१२ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी, वडिलांची आरी लागली ती एकाच डोळ्याला. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षी ते पूर्ण अंध झाले. त्या काळी जंतूंवर औषध नव्हते. आज आहे, पण वेळेवर पोहोचले तरच त्याचा उपयोग.

पुढचा धोका इजा कशाने झाली यावर अवलंबून असतो. आपल्या बुऱ्हाणपूरच्या शिवारात उसाचे पाते किंवा पराटीची काडी डोळ्याला लागणे नित्याचे. ओरखडा क्षुल्लक दिसतो. पण त्यातून बुरशी शिरली तर बुबुळावर व्रण होऊन कायमचे फूल पडते. अशा वेळी सल्ल्यावाचून घातलेले स्टिरॉइडचे थेंब म्हणजे आगीत तेल. छिन्नीवर घाव घालताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्याच्या आत जाऊन बसतो, वरून जखम दिसतही नाही. मागावरून निसटलेला धोटा किंवा मुलांची विटी लागली, तर आत रक्त साकळते. काही दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि कित्येक वर्षांनी काचबिंदूही.

चुना तर फारच घातक. तो आम्लापेक्षा खोल शिरतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा इत्यादी ठिकाणी कार्बाइडच्या नळीबंदुकांनी शंभराहून अधिक जणांच्या, बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली. कार्बाइडवर पाणी पडले की पेटणारा वायू निघतो आणि मागे चुनाच उरतो.

चुना गेल्यास डोळा तत्काळ स्वच्छ पाण्याच्या धारेने अर्धा तास धुवावा, मग नेत्रतज्ज्ञ गाठावा. डोळ्याला भोक पडले असल्यास मात्र धुऊ नये, चोळू नये, रुतलेली वस्तू उपसू नये. दाब न पडेल असे झाकण ठेवून त्वरित इस्पितळात न्यावे. मध, दूध, काजळ काहीही घालू नये.

आम्हा शिक्षकांना एक गोष्ट वारंवार दिसते. खेळताना लागलेले मूल मार बसेल या भीतीने घरी बोलत नाही, आणि मोलाचा दिवस निघून जातो. पालकांनो, आधी डोळा पाहा. रागवायला पुढे आयुष्य आहे.